चौदाव्याचं वाटण

"मीठ, गो!"

"हाय तितकाच खा!"

दर रविवारी दुपारी आमच्या भिंतीपलीकडून ही दोन वाक्यं यायची. पहिलं शेजारच्या काकांचं, पडवीतून. दुसरं काकीचं, चुलीपाशून. तिसरं वाक्य मी कधी ऐकलं नाही. मग काका गप जेवायचे आणि ताटात एकेक हाड पडल्याचा आवाज यायचा. तो आला की आम्ही समजायचो, आज मटणाच्या बरगड्या जमल्यात.

पेणच्या आमच्या आळीत मी राहायला आले, त्याच आठवड्यात काकीनं मला हादरवलं. नव्या शेजारणीचं स्वयंपाकघर बघायला म्हणून आली होती. गॅसवर मटण रटरटत होतं. मी शिजलं का बघायला चमचा शोधतेय, तर हिनं सरळ पातेल्यात दोन बोटं घातली, एका बरगडीचं टोक धरलं आणि गर्रकन फिरवलं. मी किंचाळलेच! ती पदराला बोटं पुसत म्हणाली, "वराडतेस काय? हाड फिरला नाय अजून, कच्चा हाय. झाकण ठेव."

अशी बाई तुम्हीही कुठंतरी पाहिली असेल. न विचारता घरात शिरणारी आणि गेली की घर रिकामं वाटायला लावणारी.

बरगड्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खाटकाकडे स्वतः उभी राहून छातीकडच्या निवडायची. त्याने मध्ये मानेचा तुकडा सरकवला तर "हा तुझ्या घरी ने" म्हणून परत करायची. आलं, लसूण आणि हळद लावून आधी मुरवणार, मग मंद आचेवर शिजवणार. सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजून पाट्यावर वाटणार. मिक्सर होता घरात, पण त्यात फक्त काकांचं ताक व्हायचं. शेवटी तेल सुटेपर्यंत सगळं परतायचं. "मांस हाडाला चिकटला तर बाई घाईची, गळून पडला तर बाई आळशी," असं तिचं शास्त्र होतं. मी तिच्या मते घाईची.

मीठ मात्र कमी. नेहमीच कमी! माहेर खाडीकडचं, बाप मिठागरावर राबलेला, आणि पोरीच्या हाताला मीठ नाही, म्हणून सगळी आळी चिडवायची. एकदा मीही म्हटलं, "काकी, मिठागर माहेरी ठेवून आलात काय?" ती हसली नाही. म्हणाली, "बापाचं पाय बघितलं असतंस तर बोलली नसतीस. मिठानं खाल्लं होतं." 

काका रोह्याला कंपनीत होते, आता निवृत्त. मूलबाळ नाही. मटण खावं ते फक्त तिच्या हातचं. काकांच्या भाच्याच्या हळदीला निडी गावाला गेलो होतो, सगळा मांडव रश्श्यात वडे बुडवून खातोय आणि हे गृहस्थ कोरे वडे चावतायत. मी हळूच विचारलं, "काका, मटण नको?" तर म्हणे, "घरी गेल्यावर बघू." काकी पलीकडून डोळे वटारत होती, पण लाजलीही होती. म्हातारपणी असं लाजणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमच्या आळीत एक रीत आहे. घरात कुणी गेलं की तेरावं गोडाचं, आणि चौदाव्याला पहिलं तिखट, म्हणजे मटण, शेजारच्या घरून येतं. त्या घरच्यांनी ते खाल्लं की दुखवटा संपला. आळीतलं हे काम न सांगता काकीचं झालं होतं. माझी सासू गेली तेव्हा बरगड्यांचं पातेलं घेऊन आली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. "खा. रडायला बी ताकद लागते." मी रडत रडत चार बरगड्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, पाचवीही मागितली.

गेल्या वर्षी एका दुपारी मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. काकी स्टीलचा डबा घेऊन आली, परस्पर माझा फ्रिज उघडला आणि डबा वरच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबला.

"काय आहे हो?"

"वाटण. माझ्या चौदाव्याला लागंल."

माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. अहो, माणूस उसनी साखर मागतो तशा आवाजात बोलली ती!

"काकी! काय अभद्र बोलता! जिभेला काही हाड?"

"हाड जिभेला नाय, बरगडीला अस्तं. ऐक. पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलंय. पोटात हाय. लय पसरलाय. यांना म्हाईत हाय, पण ते बोलत नाय, मी बी बोलत नाय."

 मी रडायला लागले, तर माझ्यावरच डाफरली. "तुझं रडणं मागाहून. मला त्यांची काळजी हाय. माझ्यामागं हा माणूस जेवायचा नाय. चहात बिस्कुट बुडवून मरंल. चौदाव्याला माझ्या हातची चव लागली तर तोंड उघडंल. एकदा उघडला की पुढं खाईल. पण ते तुला शिजवायला लागंल, आणि तुझ्या हाताला तर चव नाय!"

आता सांगा, मरायला टेकलेली बाई माझ्या हाताला नावं ठेवतेय आणि मी "नाही हो" म्हणत नाक पुसतेय. कप्पाळ माझं!

मग माझी शाळा सुरू झाली. ती पाटावर बसायची, दर आठवड्याला थोडी बारीक झालेली, आणि मी शिजवायची. उकळत्या पातेल्यात बोटं घालून हाड फिरवायलाही शिकले. पहिल्यांदा ओरडले, मग सवय झाली. एकदा वाटलं, काका बिचारे इतकी वर्षं मागतायत, चिमूटभर मीठ जास्त टाकावं. माझा हात तिनं वरच्या वर धरला. तिच्या बोटांत एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"प्रेशर हाय त्यांना. मीठ मागतात ते. मागू दे. आवड बघायची का माणूस बघायचा?"

म्हणजे इतकी वर्षं! आम्ही आळीभर हसत होतो, आणि ही बाई रविवारच्या रविवार नवऱ्याला जगवत होती.

ती एका पहाटे झोपेतच गेली. सगळं ठरल्यासारखं होतं, तरी मी मधल्या भिंतीला कान लावून बघितला.

आणि तिनं सांगितलं तसंच झालं. काकांनी अन्न सोडलं. चहा, बिस्किट. तेराव्याचा लाडू हातात धरून बसले आणि तसाच खाली ठेवला. डोळे आत गेले होते. मला खरंच भीती वाटायला लागली.

चौदाव्याला मी डबा काढला. वाटण दगडासारखं झालं होतं. ते सैल झालं तसा घरभर तिचा वास सुटला. तिच्याच चुलीवर तिच्याच पातेल्यात शिजवलं. हाड फिरवून बघितलं आणि उतरवलं. पडवीत काकांपुढे ताट ठेवलं आणि पळून आत आले. समोर उभं राहायचा धीर नव्हता.

 मी चुलीपाशी देवाचं नाव घेत उभी.

"मीठ, गो!"

 ते कुणाला हाक मारत होते? पलीकडे मिठाची बरणी होती. हात तिकडे गेलाही होता. आणि माझ्याच तोंडातून, तिच्याच सुरात, मोठ्यांदा बाहेर पडलं,

"हाय तितकाच खा!"

मी तोंडावर हात दाबला. काय बोलून बसले मी!  मग काका हुंदका देऊन रडले. त्यांचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते थांबलं.

मग ताटात एक हाड पडलं. थोड्या वेळानं दुसरं.