बंदुकीसकट

“उभी राहू नकोस. उभ्या माणसाला पहिली गोळी लागते.”

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सच्या एका वृद्धांच्या केअर होममध्ये मी शनिवार-रविवार काम करत होते. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंच्या खोलीत चहा घेऊन गेले, तर त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि हे ऐकवलं. चहा बशीत सांडला. डॉक्टर येवो नाहीतर खिडक्या पुसणारा, सगळ्यांना हेच. आमची मॅनेजर तर त्यांच्या दारातून वाकूनच आत शिरायची. “वाद घालण्यापेक्षा हे बरं,” म्हणायची.

तुम्हीही अशी म्हातारी माणसं पाहिली असतील. त्यांच्या सवयीचं आपल्याला आधी हसू येतं. मलाही यायचं.

त्या युक्रेनमधल्या खारकीव्हच्या. दुसऱ्या महायुद्धात, शाळा संपते न संपते तोच सोव्हिएत सैन्यात गेल्या. गोळीबार चालू असताना जखमींना सरपटत ओढून आणायचं, हे त्यांचं काम. युद्धानंतर जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी पुस्तकी आणि माझं अडखळतं. आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईंना आजी म्हणतात, असं मी एकदा सांगितलं. तेव्हापासून बेल वाजवून त्या म्हणायच्या, “आजीला चहा हवा आहे. आजी वाट पाहते आहे.”

त्यांचं शौर्यपदक लोकरीच्या मोज्यात असायचं. चांदीचं, वर विमानं, खाली रणगाडा. मी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा जालन्याला जिनिंगमध्ये कामाला आहेत; आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ते म्हणाले, “चांदीचं? मग कुलपात ठेवा म्हणावं त्यांना.” मी हे आजींना सांगितलं. “वडील शहाणे आहेत,” त्या म्हणाल्या, पण पदक मोज्यातच राहिलं.

दर रविवारी त्यांची नात यायची; मी खोलीत असले की दोघी इंग्रजीतच बोलायच्या. खारकीव्हला ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती. शहरावर रशियाचे बॉम्ब पडू लागले तेव्हा आजींना घेऊन इकडे आली. इथे वेअरहाऊसमध्ये खोकी भरायची.

एका रविवारी तिने कोटही काढला नाही.

“आजी, मी परत चाललेय. फ्रंटवर, मेडिक म्हणून. तुझं पदक दे मला. सोबत राहू दे.”

आजींनी तिला बाहीला धरून खाली बसवलं. मग म्हणाल्या, “समोर कोण आहे माहीत आहे ना? माझ्या खंदकात जी रशियन पोरं माझ्याशेजारी झोपायची, त्यांची नातवंडं.”

“माहीत आहे.”

“तरी?”

“तरी.”

हे घरचं बोलणं, आपण कशाला थांबायचं म्हणून मी ट्रे उचलला.

“तू कुठे निघालीस?” आजी म्हणाल्या. “आडवी हो. तू जखमी आहेस.”

“मी?”

“पोटात लागलंय तुला. बोलू नकोस.”

मी पलंगापाशी कार्पेटवर आडवी झाले. आमच्या ट्रेनिंगमध्ये माणसाला ओढायला सक्त मनाई होती, मॅनेजरने पाहिलं असतं तर माझी नोकरीच गेली असती. आजींनी व्हीलचेअरमधून वाकून त्यांची काठी माझ्या शेजारी ठेवली. “ही हिची बंदूक. चल, दारापर्यंत आण हिला.”

नातीने कोट फेकला, पालथी झाली, माझी कॉलर धरली आणि ओढू लागली. तिची धाप माझ्या कानाशी ऐकू येत होती. आजींनी सपात काढून तिच्या कमरेवर फेकली.

“ढुंगण खाली! तिथे गोळी लागली तर जेवायला बसशील कशी?”

मला हसू आलं.

“जखमी हसत नाहीत.”

दार आलं. “बंदूक?” आजींनी विचारलं.

काठी पलंगापाशीच राहिली होती. नात सरपटत मागे गेली आणि काठी घेऊन आली.

“मेलीस,” आजी माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

आता कुणालाच हसू आलं नाही.

“आमचा नियम होता. जखमीला आणायचं ते त्याच्या बंदुकीसकट. नाहीतर त्याला मोजत नसत. ठरलेला आकडा भरला की पदक. एकाला मी खड्ड्यापर्यंत आणलं होतं. म्हणाला, जाऊ नकोस. मी म्हटलं, बंदूक घेऊन आलेच. आले, तर तो गेला होता. दोघांना मागे नेलं, त्याला आणि बंदुकीला. तो कधी गेला, हे कुणी विचारलं नाही. आकडा भरला.”

नात जमिनीवरच बसली होती. “मग मी काय करू?”

“पुन्हा.”

पुन्हा मी आडवी झाले, पुन्हा तिने कॉलर धरली. या वेळी आजी खुर्चीचे हात धरून कमांडरसारख्या किंचाळल्या. “बंदूक! बंदूक राहिली! मागे फीर, हुकूम आहे!” एवढ्याशा देहातून असा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. नात थांबली नाही. दाराबाहेर, थेट कॉरिडॉरमध्ये तिने मला ओढत नेलं. तिथे वॉकर घेऊन निघालेले एक आजोबा आम्हाला पाहून भिंतीला चिकटले.

“तुला पदक मिळणार नाही,” आतून आजी म्हणाल्या. मग जरा वेळाने, “जा.”

मोज्यातलं पदकही त्यांनी दिलं नाही. “तिकडे चमकणारं काही अंगावर ठेवू नकोस.”

नात फ्रंटवर गेली. आजींच्या टॅबलेटवर तिचा फोन यायचा, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. मध्ये आजी धड जेवायच्या नाहीत. मी सूप घेऊन बसले की म्हणायच्या, “नंतर.” फोन आला की गार झालेलं सूप तसंच पिऊन टाकायच्या.

हिवाळ्यात एकदा फोन फारच लांबला. त्यातच एका सकाळी आजी झोपेतून उठल्या नाहीत. ऑफिसने नातीला निरोप पाठवला, पण तो पोचल्याची खूण काही दिसेना.

शनिवारी मी खोली आवरत होते. पलंगावरची चादर नुकतीच काढली होती आणि टॅबलेट वाजला.

चिखलाने माखलेला चेहरा, मागे कुणीतरी ओरडत होतं. आणि ती हसत होती.

“तू आहेस होय! ऐक, आजीला दे. आमचा कमांडर माझ्यावर भडकलाय. काल एकाला आणलं, त्याची बंदूक तिथेच राहिली. जिवंत आहे गं तो! सकाळी चहा मागत होता. दे ना आजीला.”

मी टॅबलेट दोन्ही हातांनी धरला आणि भिंतीला पाठ टेकवली, म्हणजे माझ्यामागे तिला नुसती भिंतच दिसेल, रिकामा पलंग नाही.

“दे ना,” ती पुन्हा म्हणाली.