नळी कशासाठी?

डॉ. सुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट सोलापुरातल्या आमच्या रुग्णालयात झाली, तीही बाई एका खाटेशेजारी खाली वाकलेल्या असताना. मी नवी डॉक्टर, भाबडेपणाने विचारलं, “मॅडम, काही हरवलंय का?” लघवीच्या पिशवीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “हो. ही नळी अजून का ठेवलीय, त्याचं कारण.”

मूत्रसंसर्गाच्या उपचारात बाईंचा शब्द आमच्याकडे अखेरचा. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत बुरशी दिसली, की आमचा हात लगेच औषधाकडे जायचा. बाई आधी रुग्णाकडे जात. ताप असेल, प्रकृती ढासळत असेल, तर औषधाला जराही उशीर नाही. एरवी मात्र पहिला प्रश्न ठरलेला: नळी कशासाठी?

अक्कलकोटकडचे मेंढपाळ बिराप्पा मला अजून आठवतात. शस्त्रक्रियेनंतर नळी तशीच राहिलेली, अहवालात बुरशी. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. मुलगा मात्र हट्टालाच पेटला, “भारीतलं विंजेक्शन द्या की!” बाई म्हणाल्या, “बुरशी नळीला धरून बसलीय. नळीच काढू.” बिराप्पा घाबरले. आपसूक लघवी झाली नाही तर नळी पुन्हा बसणार, आणि ती घेऊन मेंढरांमागं कसं फिरायचं?

नळी काढली. दुपार कलली, पोट तटतटलं, तरी काही होईना. माझा जीव टांगणीला लागला. बाई जेवणाचा डबा न उघडता शेजारी बसून होत्या. शेवटी बिराप्पाच वैतागले, “मॅडम, हितं खाटंवर, बायामाणसांम्होरं कसं हुईल? आमाला रानात उभ्यानं सवय हाय.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं!” बाई उठल्या. मुलाच्या हाती भांडं दिलं, बिराप्पांना हाताला धरून मागच्या अंगणातल्या लिंबाखाली नेलं आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि पहारा कशाचा देताहेत बघा! थोड्या वेळानं हाक आली, “झालं की वो मॅडम!” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मूत्राशय नीट रिकामं झाल्याचं सोनोग्राफीत बघितल्यावरच त्यांनी डबा उघडला. पुढच्या तपासणीत बुरशी नव्हती, आणि बिराप्पा मेंढरांकडे परतलेही होते.

अशा आमच्या बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं म्हणायला जावं, तर त्या चष्म्यावरून बघत विचारतील, “कशासाठी?” मॅडम, खाटांना अजून पुष्कळ पिशव्या लोंबताहेत, आणि लिंबाखाली पाठ फिरवून उभं राहायला आम्हाला अजून शिकायचंय.