धुराड्याची टोपी

दुबईत रास अल खोरला धुराड्याच्या टोप्या बनवणारे रत्नागिरीचे चाचा फोनवर हॅलो म्हणत नाहीत, थेट विचारतात, "धूर कुठं येतोय?"

अल ऐनच्या एका व्हिलात शेकोटीचा धूर उलटा घरात शिरायचा. तरी मालकाला धुराड्यावर मुकुटासारखी नक्षीदार टोपीच हवी होती. मी चाचांचा सेल्समन, मान डोलावत होतो. चाचांनी शेकोटी पेटवली आणि दारं लावून टाकली. आम्ही तिघंही खोकू लागलो.

"बोलो हबीबी, ताज चाहिए या साँस?"

मालकानं खोकतच वाऱ्याबरोबर फिरणारी साधी टोपी निवडली.

गाडीत मी भडकलो, "चाचा, मोठी ऑर्डर घालवलीत!"

"शेकोटीपाशी त्याच्या म्हाताऱ्या आईची खुर्ची होती," चाचा म्हणाले. "तू कॅटलॉग बघत होतास."