परशुराम गोताडची माती

परशुराम गोताड रत्नागिरीकडचा. तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारण्यात गेली, पण हात शेतकऱ्याचेच राहिले. रिटायर झाला आणि नवघरमधल्या त्याच्या बिल्डिंगमागचा खोलीएवढा मोकळा तुकडा डोळ्यांत भरला. माती कसली, भरावच तो! विटांचे तुकडे नि सिमेंटची ढेकळं. सेक्रेटरी आत्माराम म्हणाला, "काका, दिवाळीनंतरच्या मीटिंगपर्यंत काय ते उगवून दाखवा. नायतर पेव्हर ब्लॉक टाकतोय, पार्किंगला."

परशुरामला गावचा उपाय ठाऊक होता. पाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, म्हणजे राब. भर मे महिन्यात त्याने काडी लावली. धूर थेट गच्चीवर, वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनच्या पापडांत! त्या खाली आल्या त्या बादली घेऊनच. राब विझला, परशुरामही भिजला.

"कितने जीव जलते हैं इसमें, परशुरामभाई! गाड़ दो ना, जलाते क्यूँ हो?"

बाई रागाने बोलल्या, पण लाखमोलाचं बोलल्या. परशुरामने खड्डा खणला. जवळच्या राई गावातून गोणीभर शेण आणलं, पाचोळा टाकला, आणि टोपली घेऊन दारोदार भाजीची सालं मागू लागला. "अहो, लोक हसतायत," बायको सुगंधा म्हणाली.

"हसू देत. सालं देतायत ना?"

हंसाबेन तर दुधीची सालं बारीक चिरून देत. पावसाळा सरता सरता पहिलं गांडूळ दिसलं, तेव्हा हा बासष्ट वर्षांचा माणूस कंपाउंडमध्ये नाचला.

पण त्या मातीत लावलेली मिरचीची रोपं काही धरली नाहीत. मीटिंगला दाखवायला हिरवं पानही नव्हतं. परशुराम नुसतं घमेलंभर माती घेऊन उभा राहिला.

"यात उगवलंय काय, काका?" आत्माराम हसला. परशुरामने घमेलं पुढे केलं.

हंसाबेन वाकल्या. काळ्याभोर मातीत गांडुळं वळवळत होती. "अरे, इसमें तो जीव है!" त्या ताठ उभ्या राहिल्या. "जीव के ऊपर फरशी डालोगे? मैं नहीं डालने दूँगी."

सभेत कुजबुज झाली. ज्यांना जागा राखायचीय त्यांनी हात वर करा, असं आत्मारामला म्हणावंच लागलं. आधी हंसाबेनचा हात, मग त्यांच्या मजल्यावरचे, मग जवळजवळ सगळेच.

"काका, तुमचा हात?"

परशुरामच्या दोन्ही हातांत घमेलं होतं. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"उनके दो गिनो," हंसाबेन म्हणाल्या.