डाव्या कोपऱ्यातलं पहिलं वर्ष

कॉलेज संपलं तेव्हा मी स्वतःला फार मोठी खेळाडू समजत होते, हे आधीच सांगून टाकते. तीन वर्षं कॉलेजच्या कबड्डी संघाची कप्तान, जागा डावा कोपरा. सातजणींच्या साखळीत एका टोकाला उभं राहायचं आणि तिथून बाकीच्या सहाजणींना नाचवायचं. "सोड", "आत ये", "आता!" मी ओरडले की संघ हलायचा. चढाईला आलेली पोरगी कुठे वळणार ते मला तिच्या खांद्यावरून कळायचं, आणि तिचा पाय पुढे येईपर्यंत घोटा माझ्या हातात असायचा. एकदा पेपरात फोटो आला, त्यात माझं तोंड उघडं आणि डोळे वटारलेले. आईने तो कापून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. "भाईर लावला तर पावने घाबरतील," म्हणाली.

त्याच जोरावर ऐरोलीतल्या एका कंपनीने मला आपल्या महिला संघात घेतलं. कंत्राट एका वर्षाचं. सकाळी सराव, दुपारी ऑफिस, आणि हंगाम संपला की कोणाला कायम करायचं आणि कोणाला नारळ द्यायचा ते सर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, ठरवणार. पप्पांनी यातला कंत्राट हा शब्द परस्पर गाळला. बोनकोड्यात आमच्या आळीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "पोरगी कंपनीत लागली." आमच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनासुद्धा सांगितलं. त्यामुळे वर्ष सुरू व्हायच्या आधीच मला कायम होणं भाग होतं.

पहिल्या दिवशी सरावात मी चार वेळा पकडीला गेले आणि चारही वेळा मॅटवर तोंडघशी पडले. खांदे इथेही होते, पण ते खोटं बोलत होते. खांदा डावीकडे, नजर समोर आणि पाय तिसरीकडेच. मी कॉलेजात शिकलेलं सगळं इथल्या बायकांना आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी त्यावर उतारा काढून ठेवला होता. मी सवयीने ओरडायला लागले, तर उजव्या कोपऱ्यातून कप्तान ताई थांबल्या. साताऱ्याकडच्या, अकरा हंगाम खेळलेल्या, बोटं सगळी वाकडी झालेली.

"अगं ए, गप की जरा," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड बघूनच समोरचीला कळतंय तू कुठं जानार हायस ते. इथं कुनी वरडत न्हाई. शेजारनीनं हात दाबला की जायचं, बास."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच गेली.

पुढचे तीन महिने मी राखीव खेळाडूंच्या बाकावर काढले. बाकावर बसणं हे एक स्वतंत्र काम असतं आणि ते मला अजिबात येत नव्हतं. माझा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसले तरी तो हलतच राहायचा. शेजारचे काका एक दिवस हात जोडून म्हणाले, "मॅडम, जरा पायाला सांगा. माझा मॉनिटर हलतोय." घरी यायला लोकलने कोपरखैरण्याला उतरायचं, तर मी एक स्टेशन आधी घणसोलीलाच उतरून चालत यायचे. चालताना समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाचे खांदे बघायचे, हा आता कुठून जाईल ते ओळखायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे. एका काकूंना वाट द्यायला म्हणून मी बरोबर त्यांच्याच अंगावर गेले. जेवणात लक्ष नाही, कोणी हाक मारली की दचकायचं, फोन वाजला की वाटायचं, काढलंच आता.

मग डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या आमच्या मुलीचा गुडघा गेला आणि मला तिची जागा मिळाली. तिला बघायला गेले तेव्हा तिच्यासाठी वाईट वाटत होतं आणि आत कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. दोन्ही खरं आहे.

मी बरी खेळले. गप्प खेळायला शिकले. ताईंचा इशारा हातातून हातात फिरत माझ्यापर्यंत यायचा आणि मी जायचे. त्या दिवसांत थोडी झोप लागायला लागली होती. आणि मग ती उपांत्य फेरी आली.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांची चढाईपटू रिकाम्या हाताने परत फिरली आणि फिरता फिरता तिच्या बोटांची टोकं माझ्या बाहीच्या कडेला लागली. कपड्याला लागलं तरी बाद, हा नियम. पंचांनी पाहिलं नव्हतं. तिलाही ते कळलं नसावं, कारण ती मान खाली घालूनच मध्यरेषा ओलांडून गेली. आमच्या मुली उड्या मारायला लागल्या. आणि माझा हात वर गेला. मी चालत मैदानाबाहेर गेले.

हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आमच्या गावच्या मैदानात सामन्याला एकच पंच असायचा, आणि तोही बहुतेक वेळा कोणाचा तरी मामा. खेळ चालायचा तो एवढ्यावरच की ज्याला लागलं त्याने आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं. ज्याने लपवलं त्याच्याशी आठवडाभर कोणी बोलायचं नाही. पप्पा स्वतः गावच्या संघातून खेळलेले. मी सात वर्षांची असताना एकदा लागूनही उभी राहिले, तर त्यांनी मला मैदानातून उचलून घरी आणलं होतं. कॉलेजातही माझ्या संघात हाच कायदा होता, कारण कप्तान मी होते.

पंचांनी त्यांना गुण दिला. बरोबरी झाली, मग पाच-पाच चढाया झाल्या आणि आम्ही एका गुणाने हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. ताई गुडघ्याची पट्टी सोडत होत्या. शेवटी त्याच बोलल्या.

"ह्या खोलीत तिघी कंत्राटावर हाईत. तुझ्यासंगं त्यांचंबी वर्स जानार आता. पंच कशाला ठिवल्यात मग? ते बघत्याल की."

सर एवढंच म्हणाले, "अजून एक स्पर्धा आहे. तुझ्याबद्दल मी आत्ता काही लिहून देत नाही."

गावात याच्या उलट. कोणीतरी सामना मोबाईलवर घेतला होता आणि तो आळीच्या ग्रुपवरून कुठे कुठे फिरला. येताजाता माणसं थांबवायची. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली. पप्पा छाती पुढे काढून म्हणाले, "बाय, नाव काडलंस तू. आपल्यात असाच खेलतान."

मला दोन्हीकडच्यांचा राग येत होता. इकडे मी मूर्ख, तिकडे मी हरिश्चंद्र, आणि खरी गोष्ट ही की मी काही ठरवलंच नव्हतं. शिंक यावी तसा हात वर गेला होता. विचार करायला दोन सेकंद मिळाले असते तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नव्हतं. तेच मला छळत होतं. पाय पुन्हा हलायला लागला. काकांनी आपला मॉनिटर दुसऱ्या टेबलावर नेला.

शेवटची स्पर्धा खुल्या गटाची होती, त्यामुळे कंपन्यांबरोबर कॉलेजचे संघही होते. उपांत्यपूर्व फेरीत आमच्यासमोर एका कॉलेजच्या मुली आल्या, आणि त्यांनी आम्हाला घाम फोडला. पप्पा प्रेक्षकांत बसले होते, डाव्या बाजूला, माझ्याच कोपऱ्याच्या मागे. सर सकाळीच बोलले होते की आज जिंकलो तर मला कायम केल्याचं पत्र निघेल, हरलो तर त्यांच्या हातात काही राहणार नाही.

शेवटचं मिनिट, पुन्हा एका गुणाने पुढे. त्यांची कप्तान चढाईला आली. अंगाने बारीक, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली, दम घेताना आवाज खणखणीत. मी तिच्या घोट्यावर गेले, तिने पाय काढून घेतला आणि परतताना तिचा हात माझ्या पाठीला लागला. चांगला लागला, चार बोटं. ती मध्यरेषेपलीकडे गेली आणि हात वर करून गुण मागू लागली. मध्ये माझं अंग आल्यामुळे पंचांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी मला दोन सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ मिळाला.

"ताई, लागला ना?" ती मुलगी म्हणाली. भांडून नाही. खात्रीने, आपल्या माणसाला विचारावं तसं. माझी उपांत्य फेरी तिनेही मोबाईलवर पाहिली असणार.

मी मान हलवली. "नाही," म्हणाले.

पंचांनी गुण दिला नाही. ती मुलगी बघतच राहिली, मग जागेवर जाऊन उभी राहिली. आम्ही जिंकलो. ताईंनी पाठीवर थाप मारली, नेमकी तिथेच. मी हसले. हसताना लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. प्रेक्षकांकडे मात्र मी पाहिलं नाही.

नवव्या दिवशी पत्र मिळालं. घरी आले तर पप्पा पेढ्यांचा मोठा खोका घेऊन दारात. अर्धी आळी वाटून झाली होती. आई देवापुढे पत्र ठेवायला आत गेली तेव्हा मला राहवलं नाही.

"पप्पा, त्या दिवशी मला लागलं होतं. पाठीला."

ते खोक्याचा दोरा गुंडाळत होते.

"माहीत हाय," म्हणाले. "मला दिसला ना. मी तुज्या मागंच बसलो व्हतो."

मी वाट पाहिली. त्यांनी ओरडावं, मला घरातून हाकलावं, सात वर्षांच्या मला उचललं होतं तसं काहीतरी करावं. आठवडाभर बोलले नसते तरी चाललं असतं.

"घे," त्यांनी खोका पुढे केला. "तू अजून खाल्लाच नाय."