उघड्या डोळ्यांची झोप

"तुम्हाला जीबीएस झालाय," डॉक्टर म्हणाले. गिलाँ-बारे सिंड्रोम. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. आधी माझं पोट बिघडलं होतं, मग पायांतली ताकद गेली. त्या सकाळी धायरीच्या घरात ओवीला पाळण्यातून उचलायला गेले, तर हातच उठेनात.

आयसीयूतून वाचले, पण चेहऱ्यासकट सगळी लुळी. माझा नवरा शरद कंपनीत शिफ्टला, तान्ही ओवी यवतमाळला माझ्या आईकडे. मला सांभाळणार कोण? डॉक्टरांनीच ख्रिस्ती सिस्टरांचं शुश्रूषागृह सुचवलं.

मला पापण्या मिटता येत नव्हत्या. दुपारी सिस्टर मार्था डोळ्यांत थेंब घालायच्या, बोटांनी हलकेच पापण्या मिटायच्या आणि वर पट्टी लावायच्या. "झोपा ताई. मी इथंच हाय." त्या श्रीरामपूरकडच्या.

पट्टीखाली उजेड दुधासारखा पसरायचा. लांबून प्रार्थनेचे सूर यायचे, गच्चीवर कुणी ओले कपडे झटकायचं, आणि मी संथ पाण्यावरून कुठेतरी निघालेय असं वाटायचं. माझी कूस बदलणारे, केस विंचरणारे हात त्या पाण्यातूनच वर येत.

वाचा परतल्यावर मी विचारलं, "सिस्टर, माझ्यासाठी देवाकडे काय मागता?"

"रोजचं रोज मागते. आज म्हटलं, हिला पेज गिळू दे."

हा आजार झालेल्यांना एवढंच सांगते, नसा सावकाश भरून येतात, धीर सोडू नका. आणि दुसऱ्यानं भरवलं, पुसलं, तर लाजू नका. मी फार लाजले. सिस्टर मात्र कधीच कंटाळल्या नाहीत. आज मी आधाराशिवाय चालते.

शुश्रूषागृहात मी वॉकर धरून उभी राहू लागले, तेव्हा शरद ओवीला घेऊन आला होता. मला बघून ती किंचाळली आणि तिला घ्यायला पुढे झालेल्या सिस्टरांना बिलगली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सिस्टर तिला मांडीवर घेऊन माझ्या कॉटवर बसल्या, गुणगुणत राहिल्या. ती पेंगल्यावर त्यांनी तिचं डोकं हळूच माझ्या दंडावर सरकवलं.

"जड झाली तर सांगा."

हात अवघडला, खांदा भरून आला. मी काही सांगितलं नाही. कितीतरी महिन्यांनी माझ्या हाताला काहीतरी जड लागत होतं.