ओली काडी

नवरा-बायको वेगळे होण्याला आमच्या भागात तीन शब्द होते: सोडचिठ्ठी, फारकत आणि काडीमोड. सोडचिठ्ठी लिहिता येणाऱ्यांची. फारकत निजामाच्या कचेरीतली. तिचं मूळ फारिगखत; फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे कागद, असं पाटोद्याच्या एका मुन्शीनं मला सांगितलं होतं. आम्हा कुणब्यांत कागद नसे. पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडली की बाई मोकळी.

मला मोकळं होण्याची निकड होती. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि मी माहेरी शेतात राबत होते. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई मला सुईणीचं काम शिकवायला न्यायला तयार होत्या, पण आधी सासरचा संबंध संपव म्हणाल्या. पूर्वी एका बाईचा नवरा येऊन तिला दवाखान्यातून ओढत घेऊन गेला होता.

पाटोद्याच्या बाजारच्या दिवशी पंच बसले. डॉक्टरीणबाई मला न्यायला बैलगाडी घेऊन आल्या होत्या. त्या पलीकडे लिंबाखाली थांबल्या. माझ्या भावानं बांधावरच्या तरवडाची काडी आणली. नवऱ्यानं ती दोन्ही हातांनी वाकवली. काडी ओली होती. मधोमध चिरली, पण साल तुटेना.

चुलतसासऱ्यानं तेवढंच धरलं. "मोडली न्हाई. नातं हाय अजून." त्याला ज्वारीच्या काढणीला माझे हात हवे होते. दुसरी, वाळकी काडी आणा असं कुणी सुचवलं, तर एका लग्नाला एकच काडी, असं तो म्हणाला. पंचांत दोन तट पडले. एक म्हणे लाकूड मोडलं म्हणजे मोडली, दुसरा म्हणे साल ही काडीचीच. काडी आणलीस का गुरं बांधायचं दावं, असं एकानं माझ्या भावाला विचारलं.

त्यांचं लांबलं तशी मी लिंबाखाली गेले. डॉक्टरीणबाईंना मराठी चांगली येई. काडीच का, आणि तरवडाचीच का, असं त्यांनी विचारलं. मी कधी विचार केला नव्हता. तुमच्याकडे काय मोडतात, असं मी उलट विचारलं.

काही नाही, त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द डिव्होर्स, लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून आलेला. दोघांनी दोन बाजूंना वळणं, एवढाच त्याचा अर्थ. वाट जिथं फुटते त्या जागेला आणि डोंगराच्या ज्या धारेवर पाणी वाटलं जातं तिलाही ती भाषा बोलणारे लोक हाच शब्द वापरत. ते मला लगेच समजलं. आमच्या बालाघाटावर एका उताराचं पाणी गोदावरीकडे जातं, दुसऱ्याचं भीमेकडे. मग साक्षीदार लागत नसत का, मी विचारलं. पुढे लागायला लागले, त्या म्हणाल्या. म्हणजे पंच तिथंही आलेच.

शब्द मला आवडला, पण इथं तो कामाचा नव्हता. आम्ही दोघं केव्हाच दोन बाजूंना वळलो होतो. इथं काहीतरी तुटलेलं दिसायला हवं होतं. मी परत गेले, पंचाच्या हातातली काडी घेतली, साल दातांत धरली आणि तोडली. तोंड तुरट झालं.

आता नवा वाद. बाईनं मोडलेली चालते का? चुलतसासरा म्हणाला, असं कुठं ऐकलं न्हाई. सगळ्यात वयस्कर पंचानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्या हातानं चिरली, तिच्या दातानं तुटली," तो म्हणाला. "मोडली म्हना आन् सोडा. घरी एक हाय तीच लई भांडती."

पंच हसले, आणि काडी मोडली, असं म्हाताऱ्या पंचानं सांगितलं. काढणी आता कोण करणार, असं चुलतसासऱ्यानं विचारलं. तोवर मी गाडीकडे निघाले होते.

गाडीत बसल्यावर डॉक्टरीणबाईंना शंका आली. हातात कागद नाही. उद्या नवरा फिरला तर?

"न्हाई फिरायचा," मी म्हणाले. "सगळ्या बाजारानं ऐकलंय. त्याला दर आठवड्याला याच बाजारात यायचंय."

तो फिरला नाही.